विंगेतून दिलेलं वाक्य

कल्पना वाक्य विसरली नव्हती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण एवढं सांगायला मला फार वर्षं लागली, आणि अजूनही कुठल्या तरी वळणावर पाय मागे घेईन अशी धास्ती वाटते. कल्पना माझी बायको. आमच्या नाटकात ती आईचं काम करत होती आणि मी विंगेत संहिता घेऊन प्रॉम्प्टिंगला उभा होतो. एका जागी ती थांबली. नुसती थांबली. मी घाबरलो आणि वाक्य दिलं, तेही असं, की पुढच्या रांगांना स्वच्छ ऐकू जावं. विनोदाचं वाक्य होतं. प्रेक्षकांनी ते तिच्याआधी माझ्या तोंडून ऐकलं. हशा आला, भरपूर आला. पण तो वाक्याला नव्हता, तिला होता.

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की नागपुरात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या गाड्या लागतात, आणि शहरभर शाळांचे हॉल, समाजभवनं, कुणाकुणाच्या गच्च्या हौशी नाटकवाल्यांच्या आवाजानं भरून जातात. दिवसभर नोकरी केलेली माणसं संध्याकाळी मफलर गुंडाळून जमतात आणि एकमेकांचे सासरे, सुना, जावई होतात. उन्हाळाभर अंगाची लाही करणारं हे शहर तेवढ्या थंडीपुरतं मायाळू होतं. यंदाही परवा शाळेचा हॉल उघडला, मुलांच्या बुटक्या बाकांवर आम्ही मोठी माणसं गुडघे मुडपून बसलो, कुणीतरी पिशवीतून संत्री काढली, आणि खडूच्या वासात सालीचा वास मिसळला. त्या वासासरशी मी थेट त्या हंगामात जाऊन पोचलो, ज्यात माझी बायको नटी झाली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात अभिमानाचा हंगाम तोच. आणि मान खाली घालायला लावणाराही तोच.

त्याची सुरुवात आमच्या सोफ्यापासून झाली. हौशी नाटकाचं नेपथ्य घराघरांतून गोळा होतं. कुणाचा पडदा, कुणाचा देव्हारा, कुणाचं टेबल. आमचे दिग्दर्शक सुधाकरभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा आवाज धरणाचे दरवाजे उघडल्यासारखा. ते सोफा मागायला प्रताप नगरातल्या आमच्या घरी आले, आणि मी नेहमीप्रमाणे "न्या नं, घरचंच काम आहे" म्हणून मोकळा झालो. कल्पना लाटणं हातात घेऊनच बाहेर आली.

"सोफा कुठं चालला?"

"नाटकात," मी म्हणालो.

"आन पाहुणे आले तर कुठं बसतीन? तुमच्या डोक्यावर?"

सुधाकरभाऊ हसले. "वहिनी, थोड्या दिवसांचा सवाल आहे. एक ओरखडा येऊ देत नाही."

"मागच्या साली बाजूच्या काकूचा टीपॉय नेला होता तुम्ही. तीन पायांवर वापस आला बिचारा." तिनं लाटणं सोफ्याकडे रोखलं. "हा जाईन तर मी बी जाईन संगं. दोघं धड वापस आलो पाहिजे."

सुधाकरभाऊ क्षणभर तिच्याकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रमोद, आईचं काम करणारी बाई शोधून राहिलो न आपण? कायले शोधून राहिलो बे?"

अशी कल्पना सोफ्याबरोबर नाटकात आली.

ती उमरेडची, हातमागवाल्यांच्या घरातली. मागांच्या खटखटीवर आवाज चढवून बोलतच लहानाची मोठी झाली, त्यामुळे हळू बोलणं तिला ठाऊकच नाही. लग्नानंतर कळमन्यात एका अडतीच्या दुकानात ती हिशेब पाहायला लागली. तिथंही लिलावाच्या गलक्यात आवाज चढवल्याशिवाय कुणी ऐकत नाही. शेवटच्या रांगेपर्यंत माईकशिवाय पोचणारा आवाज तिनं असा कमावलेला. सुधाकरभाऊ पहिल्या तालमीतच म्हणाले, "हा आवाज इतके दिवस कुठं होता?" कुठं असणार? आमच्याच घरात होता, आणि मी त्याला "अवं हळू, शेजारी ऐकून राहिले" असं म्हणत आलो होतो.

माझी एक खोड इथं सांगायला हवी. मी सहकारी बँकेत काउंटरवर बसतो. समोरचा माणूस तोंड उघडायच्या आत त्याला काय पाहिजे ते ओळखायचं, हीच तिथली हुशारी. पासबुक भरायचं? पुढच्या खिडकीवर. सही जुळत नाही? साहेबांकडे. ती खोड मी घरी घेऊन आलो. हॉटेलात वेटर कल्पनाकडे वळला की मी सांगून टाकायचो, हिला साधा डोसा. एकदा डॉक्टरांनी तिला विचारलं, कुठं दुखतं? मी म्हणालो, पाठ. ती म्हणाली, "खांदा." डॉक्टर हसले, मीही हसलो. ती हसली होती का, ते मला आठवत नाही. म्हणजे मी पाहिलंच नसावं.

असा माणूस प्रॉम्प्टर झाला तर ग्रुपला तो उत्तमच वाटणार. मला सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ असायची. कोण कुठं अडखळतो, कुणाला पहिला शब्द दिला की पुरतं, कुणाला अख्खी ओळ द्यावी लागते, हे मला माहीत होतं. त्याचा मला गर्व होता. पण शांततेचेही प्रकार असतात, काही रिकाम्या असतात आणि काही भरलेल्या, आणि विंगेतल्या माणसाला खरं तर तेवढंच ओळखता यायला हवं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

नाटक आमच्याच ग्रुपमधल्या एका तरुण मुलीनं लिहिलेलं, साधंच पण खमंग. नवरा गेल्यावर वर्षभरानं एक बाई कुणालाही न विचारता स्कूटर विकत घेते, एवढंच कथानक. पुण्याचा मुलगा, इथली मुलगी, जावई आणि मामा अशी बैठक बसते. प्रत्येक जण समजावतो. आई, तुझे गुडघे. आई, तो सिग्नल. आई, लोक काय म्हणतील. मामा म्हणतो, "अवं माय, जवाईबापू सोडून देतीन नं तुले पाह्यजे तिथं!" जावई दचकतो. बोलून बोलून सगळे थकतात, आणि शेवटी मुलगी विचारते, "पण आई, तुले जायचं कुठं हाय?"

त्यावर आई म्हणते, "आधी पेट्रोल भरायले."

आणि पडदा. पहिला अंक संपला.

तालमीचे ते दिवस मी दागिन्यासारखे जपून ठेवलेत. कल्पना कळमन्याहून थेट हॉलवर यायची. अंगाला संत्र्यांचा वास, आणि डब्यात सांबारवडी. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि थंडीतली सांबारवडी म्हणजे तालीम वेळेवर सुरू न होण्याचं कारण. वाक्यं ती भाजी निवडता निवडता पाठ करायची. सकाळी मी दाढी करत असलो की मागून एकदम आवाज यायचा, "लायसन हाय माझ्याकडं, तुझ्या बापानं काढून देल्लं होतं!" एकदा वस्तरा लागला मला. स्टेजवरची स्कूटर तर तिनं स्वतःच चालवत सभागृहापर्यंत आणली, आणि मागच्या पायऱ्यांवरून चढवताना आम्हा चार पुरुषांना ओरडत होती, "हँडल धरा, मले काहून धरून राहिले!" मी तिच्याकडे बघून थक्क व्हायचो. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई मला भेटलीच नव्हती.

प्रयोग रविवारी संध्याकाळी होता. आमचा सोफा दिव्यांखाली इतका देखणा दिसत होता की मला तो आमचा वाटेना. पहिला अंक रंगत गेला. कल्पना तोंड उघडायची आणि लोक हसायचे. तोंड न उघडताही हसायचे. बैठकीचा प्रवेश आला. सगळे बोलून थकले. मुलीनं विचारलं, "पण आई, तुले जायचं कुठं हाय?"

कल्पना गप्प.

तालमीत ती हे वाक्य लगेच म्हणायची. कधीच थांबली नव्हती. तिनं मुलाकडे पाहिलं. मग जावयाकडे. सभागृह एकदम शांत झालं. माझ्या ऑफिसातले लोक समोर बसले होते, माझे सावनेरचे भाऊ बसले होते. तिनं मामाकडे मान वळवली, आणि मी ओरडलोच, "पेट्रोल! आधी पेट्रोल भरायले!"

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच हसले.

तिनं विंगेकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आभार तर नव्हतेच. भरल्या ताटावरून उठवलेल्या माणसाची नजर होती ती. मला तिथल्या तिथं कळलं. कळलं नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आलो, पण कळलं होतं. मग तिनं वाक्य म्हटलं, हळू आवाजात. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात. पडदा पडला.

आत मामाचं काम करणाऱ्यानं मला मिठीच मारली. "वाचवलं बे प्रमोद तू! नाही तर बसलं असतं नाटक." सुधाकरभाऊंनी पाठ थोपटली. कुणी म्हणालं, प्रॉम्प्टर असावा तर असा. मी म्हणालो, "होते असं. पहिलाच प्रयोग हाय तिचा."

हे मी म्हणालो. ती समोर आरशात बघत टिकली सरळ करत होती.

घरी जाताना गाडीवर मी तिची समजूतही घातली. "मनाला लावून घेऊ नको. मोठमोठे नट वाक्य भुलतात."

मागून आवाज आला, "समोर पाहा. ट्रक येऊन राहिला."

काही दिवसांनी ओट्याशी वड्या तळताना ती आपणहून म्हणाली, "मी भुलली नव्हती."

"मग थांबली काहून?"

"तालमीत सगळे आपापल्या कागदात पाहत राहायचे. माझ्याकडं कोणी पाहतच नव्हतं. त्या दिवशी तिथं उभी राहिली आन पहिल्यांदाच सगळेच्या सगळे माझ्याकडं पाहून राहिले होते. पोरगं, जवाई, अन् समोरचे इतके लोक. म्हटलं, पाहू द्यावं थोडं. मंग सांगू."

मी काय म्हणायला हवं होतं, ते कुणीही सांगू शकेल. मी म्हणालो, "मग आधी सांगून ठेवायचं न."

"मलेच कुठं माहीत होतं? तिथंच सुचलं."

कढईत वडी उलटली. मी एक उचलून खाल्ली आणि म्हणालो, "मस्त झाली." बस. तिथं तो विषय संपला, असं मी धरून चाललो.

दुसरा प्रयोग सावनेरला झाला, माझ्याच गावाकडे. शेतीवाली माणसं, कोळसा खाणीत जाणारी माणसं, दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया, सगळे सतरंज्यांवर दाटीवाटीनं बसले होते. मी विंगेत एक हात तोंडावर दाबून उभा होतो. मुलीनं प्रश्न विचारला. कल्पना थांबली. मुलाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि मग सावकाश समोर लोकांकडे. ती शांतता ताणत गेली, ताणत गेली. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईला राहवेना, ती ओरडली, "सांग वं माय! कोणाले भेऊ नको!"

कल्पना तिच्याकडे बघून गोड हसली. म्हणाली, "आधी पेट्रोल भरायले."

असा हशा मी पुन्हा ऐकला नाही. तो नुसता हशा नव्हता. त्यात बायांच्या टाळ्या होत्या, शिट्ट्या होत्या, कुणाचं तरी नाक ओढणं होतं. पडदा पडला तरी थांबेना. माझा मोठा भाऊ, ज्यानं नाटकाला 'रिकामे धंदे' याशिवाय दुसरा शब्द वापरला नाही, तो शेजाऱ्याला ढोसून सांगत होता, "आमच्या घरची हाय ते. सून हाय आमची." विंगेत अंधारात मी रडलो. अभिमानानं रडलो, हे खरं. पण त्या रडण्यात दुसरंही काही होतं. हा हशा तिला पहिल्याच दिवशी मिळायचा होता. तो मी खाल्ला होता.

त्यानंतर कल्पना आमच्या ग्रुपची हक्काची नटी झाली. प्रताप नगरात भाजीवालासुद्धा तिला 'स्कूटरवाली माय' म्हणतो. नवी मुलं तिच्याजवळ बसून आवाज कसा फेकायचा ते शिकतात. पण तिच्यामागे एक किस्साही चिकटला. पहिल्या प्रयोगात वहिनी वाक्य कशा विसरल्या, प्रमोदनं कसं वाचवलं, आणि मग वहिनींनी त्याच चुकीची पुढं कशी कमाल करून दाखवली. सुधाकरभाऊ हा किस्सा प्रेमानं सांगत, दरवर्षी नव्या मुलांना सांगत. मुलं हसायची. मीही हसायचो. आणि दरवर्षी तिला कामं मिळायची ती चारचौघांच्या प्रवेशातली, ज्यात कुणीतरी सावरून घेईल अशी. एकटीनं रंगमंच सांभाळायचं काम तिला कधीच मिळालं नाही. मला दिसत होतं. बँकेत माणसाचं काम ओळखणाऱ्या मला एवढंही दिसू नये?

यंदाचं नाटकही घरातलंच, विनोदी. त्यात एक आत्या आहे. भाचीच्या लग्नाच्या गडबडीत ती एकटी फोन घेऊन बसते आणि एकेका नातेवाईकाला आमंत्रण देता देता सगळ्या खानदानाची लाज काढते. अख्खा प्रवेश तिचा एकटीचा. परवा वाचन झालं तेव्हा तो प्रवेश संपल्यावर हॉलमध्ये कुणाला हसू आवरेना. मी कल्पनाकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. एकदा ऐकलेली वाक्यं ती मनात म्हणून बघत होती. भुकेल्या माणसासारखा चेहरा झाला होता तिचा.

सुधाकरभाऊ चष्मा पुसत म्हणाले, "आत्या तशी वहिनींनाच शोभली असती. पण एकटीनं एवढं पाठांतर..." आणि नव्या मुलांकडे वळून त्यांनी तोच किस्सा सुरू केला. "आता उद्या कामं वाटू," ते शेवटी म्हणाले. कल्पनाचे ओठ थांबले. ती संत्र्याच्या शिरा काढत बसली, एकेक, फार नीट.

आणि मी? मी त्या वेळीही गप्प बसलो.

घरी परतताना मात्र राहवलं नाही. विचारलं, "इतक्या वर्षांत तू काहून नाही सांगतलं कोणाले?"

"काय सांगू? नवऱ्यानं घोळ केला म्हणून? मंग तुमाले प्रॉम्प्टिंगले कोण उभं राहू देईन?" आणि वर म्हणाली, "नाटकातलं तेवढंच तर येते तुमाले."

तिनं थट्टेत म्हटलं. पण मला कळलं, की इतकी वर्षं विंगेत उभं राहून मी तिला सांभाळत नव्हतो. ती रंगमंचावरून मला सांभाळत होती. एक खोटा ठपका अंगावर घेऊन, काम हातचं घालवून.

दुसऱ्या संध्याकाळी सगळे जमले. सुधाकरभाऊंनी कामं वाटायला कागद उचलले, तेव्हा मी उभा राहिलो. "भाऊ, त्याच्या आधी माझं ऐका. त्या दिवशी कल्पना भुलली नव्हती. ती मुद्दाम थांबली होती. सावनेरले जे झालं न, तेच ती पहिल्या प्रयोगात करून राहिली होती. मी मधात ओरडलो. घोळ माझा होता."

सुधाकरभाऊंनी चष्मा काढला. "मग इतकी वर्षं बोलला काहून नाही बे?"

"लाज वाटत होती. आन तुम्ही सगळे माझी तारीफ करून राहिले होते. बरं वाटत होतं ते."

कुणी हसलं नाही. आत्याच्या प्रवेशाची पानं वेगळी काढून सुधाकरभाऊंनी उठून कल्पनाच्या हातात दिली. "वहिनी, हे तुमचं. हा किस्सा आता माझ्या तोंडून निघणार नाही."

तिनं पानं घेतली, पण तिचं लक्ष पानांकडे नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. तेव्हा लक्षात आलं, की मी ग्रुपला खरं सांगितलं होतं. तिला अजून काहीच म्हणालो नव्हतो. नवी मुलं बघत होती, जुने मित्र बघत होते. मी बाकांच्या मधून वाट काढत तिच्यापाशी गेलो.

"कल्पना," मी म्हणालो, "त्या दिवशी मी भेलो होतो. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. लोक मले हासतीन म्हणून. तुझ्या वाटचं हासू मी खाल्लं, आन वरून तुलेच समजावत बसलो. चुकलो मी. माफ कर मले."